मऊ बूट मागितले आणि फसले

फोंड्यात वरच्या बाजाराकडे जाताना गेल्या सोमवारी पुन्हा तसाच पिवळा फलक दिसला. ब्रँडेड स्पोर्ट्‌स शूज, ७० टक्के सूट, फक्त चार दिवस. गेल्या वर्षी मे महिन्यात असाच फलक वाचून मी सेलच्या हॉलमध्ये शिरले होते. माणसं तीच असतील असा माझा दावा नाही, पण पद्धत तीच दिसते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी शिक्षिका आहे, वय ४७. दोन वर्षांपासून पहाटे धावते. घरून फर्मागुडीचा चढ चढून गोपाळ गणपतीला नमस्कार करायचा आणि परत फिरायचं, असं जाऊन येऊन चार किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. रस्ता सगळा डांबराचा. उतरताना टाचेवर दणका बसतो. जुने बूट झिजल्यावर मला तळाला चांगली गादी असलेला, रोज वापरता येईल असा जोड हवा होता. पणजीच्या दुकानात पाहिलेला जोड बारा हजारांच्या वर होता. मुलीच्या फीचे दिवस होते, तेवढे पैसे काढायला मन धजेना.

हॉलमध्ये टेबलांवर खोके रचले होते. मी विचारलं, "रोज धावायला मऊ बूट आहेत का?" त्या माणसाला तेवढंच पुरलं. त्याने एका नावाजलेल्या कंपनीचं नाव असलेला जोड काढला आणि म्हणाला, "मॅडम, आत अंगठा दाबून बघा." अंगठा लोण्यात गेल्यासारखा आत गेला. पाय घातला, चार पावलं टाकली, कापसावर चालल्यासारखं वाटलं. खोक्यावर किंमत १२,९९९ छापलेली, तो ३,४०० ला देत होता. एवढं स्वस्त कसं, असं विचारल्यावर म्हणाला, "मुरगाव बंदरात कस्टमने अडवलेला माल आहे. दोन-तीन वर्षं गोदामात पडून होता, आता लिलावात सुटला."

ही थाप गोव्याबाहेर कदाचित खपली नसती. पण आमच्या घरात बाबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं, की १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत, इथे परदेशी वस्तू कशा सहज मिळायच्या आणि किती वर्षं टिकायच्या. बोटीवरून उतरलेला माल म्हणजे अस्सल, हे मनात घट्ट बसलेलं. त्याने बंदराचं नाव घेतलं आणि माझी शंका तिथेच विरली.

खरं तर त्याची गोष्ट शब्दशः खरी असती तरी ते बूट घेऊ नयेत असेच होते. हे मला नंतर कळलं. बुटाचा फोम आणि डिंक पडून राहिल्याने जुने होतात. फोम कडक होत जातो, सोल चिकटवलेला असतो तो डिंक सैल पडतो, आणि पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फोमचा तळ असेल तर तो हवेतला ओलावा शोषून आतून भुसभुशीत होतो, न वापरताही. बंदराजवळच्या दमट गोदामात तीन पावसाळे काढलेला बूट म्हणजे काय, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

बिल मागितलं तर म्हणाला, लिलावाच्या मालाला बिल नसतं, उलट तुमचा जीएसटी वाचला. मी मोबाइलवरून पैसे पाठवले आणि घरी आले. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला दोनशे रुपयांपासून वरच्या विक्रीचं बिल द्यावंच लागतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्यात टाचेखाली टणक लागू लागलं. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाच्या नडगीच्या आतल्या बाजूने दुखायला लागलं, आधी धावताना आणि मग शाळेचे जिने चढतानाही. मला वाटलं वय झालं, चढ झेपत नाही. मी वेग कमी केला, पण बुटांवर संशय घेतला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि दुसऱ्याच दिवशी डाव्या बुटाचा सोल चवड्यापाशी उघडला.

वरच्या बाजारात बसणाऱ्या मोचीकाकांकडे पेस्टिंग करून घ्यायला नेला. त्यांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "बाय, हा चिकटवून टिकायचा नाही. कापून दाखवू?" मी हो म्हटलं. त्यांनी आतली सुटी गादी ओढून काढली. तीच ती लोण्यासारखी मऊ गादी, आता टाचेपाशी कागदासारखी चपटी झालेली. मग रापीने तळ उभा चिरला. बाहेरून जो तीन बोटं जाड पांढरा फोम दिसत होता, ती नुसती कड होती. आत कडक रबराचा सांगाडा आणि मध्ये मोकळे चौकोन. टाचेखाली काहीच नव्हतं.

धावण्याच्या बुटात दणका झेलतो तो मधला तळ, म्हणजे पायाखालची सुटी गादी आणि रस्त्याला लागणारं रबर यांच्या मधला जाड फोम. बहुतेक बुटांत तो ईव्हीएचा किंवा तशाच हलक्या फोमचा असतो. त्याने दबायला हवं आणि लगेच पुन्हा उठायलाही हवं. वरची सुटी गादी फक्त चार-पाच मिलिमीटरची, ती पायाला सुख देते, दणका झेलत नाही. अंगठा दाबून कळतो तो या गादीचा मऊपणा, आणि तो नकली करायला सगळ्यात स्वस्त. मी मऊ मागितलं, त्याने मऊ दिलं. टेबलापाशीच ती गादी उपसून खाली दाबून पाहिलं असतं, तर फळीवर बोट टेकल्यासारखं लागलं असतं.

घरी येऊन खोका नीट पाहिला. बुटाच्या जिभेच्या आतल्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळत नव्हते. अस्सल जोडाचे जुळतात. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, देश, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असावी लागते. माझ्या खोक्यावर नुसती किंमत होती.

फिजिओथेरपिस्टने तीन आठवडे धावणं बंद करायला सांगितलं. ते तीन आठवडे मला फार जड गेले. पैशांपेक्षा त्याचंच दुःख जास्त झालं. चांगला रोजचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो, म्हणजे माझ्या हिशेबाने सहा ते नऊ महिने. हे बूट साठ किलोमीटरमध्ये संपले आणि जाताना माझी नडगी घेऊन गेले.

त्या माणसाचा फोन बंद. हॉलवाल्यांनी चार दिवसांचं भाडं घेतलं होतं, त्यांच्याकडे तोच बंद नंबर. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, व्यवहाराचा क्रमांक जोडला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न विक्रेत्याचं नाव आणि पत्ता काय, हाच होता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. सगळं दार उघडं होतं, पण आत जायला माझ्याकडे बिलाचा कागद नव्हता. पैसे आजवर परत मिळालेले नाहीत.

नवा जोड ऑगस्टमध्ये पणजीच्या दुकानातून घेतला. मागच्या वर्षीचं मॉडेल होतं, म्हणून सात हजारांत मिळालं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर हॉलकडे मी वळलेच नसते. संध्याकाळी गेले, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात आणि धावतानाही तसेच फुगतात. धावण्याचे मोजे बरोबर नेले. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली. जोड टेबलावर ठेवून मागून पाहिला, टाच कुठे कलते का म्हणून. वाकवला तर चवड्यापाशीच वाकला, मधोमध दुमडला नाही. दुकानदाराला विचारून गादी काढली आणि खाली दाबून पाहिलं. तो चिडला नाही, उलट त्यानेच टाच चवड्यापेक्षा दहा मिलिमीटर उंच आहे हे सांगितलं. नडगी आणि पोटऱ्या ताज्या दुखण्यातून उठलेल्या, त्यामुळे सवयीची उंच टाचच बरी, असं आमचं ठरलं. हातात घेतल्यावर तो आधीच्या जोडाइतका मऊ लागलाच नाही. उतारावर मात्र टाच दुखत नाही.

चिरलेला बूट मी फेकलेला नाही. सोमवारचा फलक पाहिल्यावर तो पिशवीत घालून शाळेत नेला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना आत बोट घालायला लावलं. दोघीजणी त्या फलकावरच्या सेलला जाणार होत्या.