बिलात नवा ड्रायर, लाइनीत कुणाचा तरी जुना

सांगलीत बेदाण्याचा धंदा करणाऱ्या आणि स्वतःची छोटी कोल्ड रूम असणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. दुकानात, दवाखान्यात, हॉटेलात मोठा एसी असेल त्यांनीही वाचावं, कारण जुना ड्रायर (गॅसच्या लाइनीत बसणारा, ओल आणि कचरा अडवणारा डबा) नवा म्हणून बसवायची ही फसवणूक कुठेही होऊ शकते.

आमची खोली लहान. हिरवा बेदाणा चार अंशांच्या आसपास ठेवला तर रंग टिकतो, उबेत राहिला की काळवंडतो आणि सौद्यात भाव पडतो. ऐन उन्हाळ्यात, खोली मालाने भरलेली असताना, प्लँटच्या, म्हणजे खोली थंड करणाऱ्या यंत्राच्या, एका जॉइंटमधून गॅस गेला. आमचे जुने मिस्त्री वयामुळे काम सोडून बसलेले, म्हणून ओळखीतून एक नवा माणूस आला. बोलायला गोड, हात चलाख. म्हणाला, ‘शेठ, सिस्टीम उघडली की फिल्टर ड्रायर बदलावाच लागतो.’ इथपर्यंत त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. लाइन उघडली की हवेतली वाफ आत जाते. आमच्या ४०४ए गॅसबरोबर चालणारं तेल ती वाफ अधाशासारखी ओढून घेतं. मग उष्णतेने आत आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरच्या मोटरच्या तारांवर, म्हणजे वाइंडिंगवर, उठतं. ही वाफ, आम्ल आणि कचरा अडवायचं काम ड्रायरचं.

बिलात चार गोष्टी लावल्या: नवा ड्रायर, नायट्रोजन, व्हॅक्यूम (पंपाने लाइनीतली हवा आणि ओल काढणं), गॅस. साध्या पावतीपुस्तकावर, जीएसटी नंबर नाही.

थोडे दिवस खोली चांगली चालली. मग तापमान चढायला लागलं. त्याला फोन केला की तो यायचा, प्लँट बंद करायचा, गेज (दाब मोजायचं मीटर) लावायचा, चहा घ्यायचा, थोडा गॅस सोडायचा आणि चालू करायचा. थंडी परत सुरू! पैसे घेऊन तो जायचा, पुन्हा तेच. साइट ग्लासमध्ये, म्हणजे लाइनीतलं आतलं दाखवणाऱ्या छोट्या काचेत, बुडबुडे दिसत होते. ते दाखवून म्हणायचा, ‘बघा, गॅस कमी आहे.’ मधला ठिपका हिरव्याचा पिवळा झाला होता, तर त्याचंही उत्तर तयार: ‘पिवळा म्हणजे गॅस कमी.’

धडधडीत खोटं. तो ठिपका गॅसचं प्रमाण दाखवतच नाही, आत ओल आहे का ते दाखवतो. हिरवा म्हणजे कोरडं, पिवळा म्हणजे पाणी. ते पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (जिथून गॅस बारीक वाटेने सुटून गार होतो त्याच्या) बारीक छिद्रात गोठायचं, वाट बंद व्हायची आणि खोली तापायची. प्लँट बंद ठेवला की बर्फ वितळायचा. त्याचा चहा पिऊन होईपर्यंत वाट मोकळी व्हायची आणि श्रेय गॅसला जायचं. या प्रकारात सगळ्यात हुशारीची चाल हीच, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ‘दुरुस्ती’ होते. उलट जादा गॅसमुळे कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) दाब वाढला आणि विजेचं बिलही.

शेवटी मिरजेचे एक वयस्कर मिस्त्री आणले. त्यांनी गेज काढायच्या आधी ड्रायरच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांना हात लावला. येणारा पाइप गरम, जाणारा गार आणि घामेजलेला. ‘ड्रायर चोक आहे. त्यामुळेच पुढच्या काचेत बुडबुडे दिसतात, गॅस भरपूर आहे,’ म्हणाले. मग त्यांनी बाण दाखवला. ड्रायरवरचा बाण व्हॉल्व्हकडे असायला हवा, आमचा कंडेन्सरकडे होता.

नखाने रंग खरवडला तर खाली दुसराच रंग, आणि टोकांना ब्रेझिंगचे (ज्योतीने केलेल्या सांध्याचे) दोन-दोन थर. म्हणजे ‘नवा’ ड्रायर कुठल्या तरी दुसऱ्या प्लँटवरून काढून, स्प्रे मारून आमच्या लाइनीत बसवला होता. मिस्त्रींनी तो गॅस टॉर्चच्या ज्योतीने न सोडवता पाइप कटरने कापला, कारण तापवला की ड्रायरमधली ओल उलट लाइनीत येते. हॅकसॉने उघडला तर आत काळा चिखल आणि जळका वास. आमचा कंप्रेसर कधी जळलेला नाही. कुणाच्या तरी जळलेल्या कंप्रेसरची घाण आमच्याकडे आली होती, आणि ड्रायर उलटा बसवल्यामुळे तिथे अडकलेली घाण प्रवाहाबरोबर सुटून थेट आमच्या व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसली होती.

नायट्रोजनचीही तीच कथा. ब्रेझिंग करताना पाइपातून हलका नायट्रोजन सोडला नाही तर तांब्याच्या आत काळी खपली धरते. आमच्या पाइपात ती होतीच. वॉचमनला विचारलं तर त्या माणसाने आणलेला सिलिंडर काळा, गळा पांढरा. तो ऑक्सिजनचा. नायट्रोजनचा राखाडी असतो, गळा काळा. ऑक्सिजनने लाइनचं प्रेशर टेस्ट करणारे महाभागही असतात. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो, तेव्हा असा सिलिंडर प्रेशर टेस्टसाठी जोडताना दिसला तर माणसाला तिथेच थांबवा.

मिरजेच्या मिस्त्रींचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. नव्या ड्रायरची टोपणं जोडायच्या क्षणापर्यंत काढली नाहीत, कारण उघडा ठेवला तर तो हवेतलीच ओल पिऊन बसतो. जोडताना ड्रायरच्या अंगाभोवती ओलं फडकं, ज्योत बाहेरच्या बाजूला. व्हॅक्यूम पंपाला मायक्रॉन गेज (अगदी बारीक दाब मोजणारं मीटर) लावलं, ५०० मायक्रॉनच्या खाली नेलं, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून काटा वर चढतो का ते पाहिलं. साध्या गेजवर इतकं बारीक दिसत नाही. गॅस काट्यावर तोलून भरला. तेल बदललं, आणि सिस्टीममध्ये घाण गेलेली म्हणून काही दिवसांनी ड्रायर पुन्हा बदलला. त्यानंतर ठिपका हिरवा झाला.

पाचगणीला आमच्या साडूंचं हॉटेल आहे. तिथे गरम-थंड दोन्ही देणारा एसी, म्हणजे हीट पंप. त्यात हिवाळ्यात द्रव उलट दिशेने वाहतो, म्हणून दोन्ही बाजूंना बाण असलेला बाय-फ्लो ड्रायर लागतो. त्यांच्याकडेही कुणीतरी एका बाणाचा स्वस्त ठोकून दुहेरीचे पैसे घेतले होते. थंडीत दिशा बदलली की उन्हाळ्यात साठलेला कचरा बाहेर.

त्या माणसाला कापलेला ड्रायर दाखवला तर म्हणे, ‘सप्लायरने मला तसाच दिला.’ खरेदीचं बिल मागितलं, ते काही आलं नाही. गॅसचे थोडे पैसे परत केले, बाकीवर फोन बंद. ग्राहक आयोगात जायचं तर वकिलांनी आधी हेच विचारलं की खोली पोटापाण्यासाठी स्वतः चालवता की मोठा व्यवसाय आहे, कारण व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. आमचं पोट त्यावरच आहे, त्यामुळे कागद तयार करतोय. पण पक्कं बिल नाही, ही अडचण आहेच.

तुमच्याकडे काम होत असेल तर ड्रायर खोक्यासकट समोर आणायला सांगा, खोकं आणि टोपणं ठेवून घ्या, काढलेला जुना ड्रायर त्याला नेऊ देऊ नका. जुना तुमच्याकडे राहिला तर तो रंगवून दुसऱ्या कुणाच्या लाइनीत जाणार नाही.