इस्टिओचा रिक्वेस्ट टाइमआउट: आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या बिलिंग सर्व्हिसला बाहेरच्या एका एपीआयवर थांबावं लागतं, आणि तो अडकला की मागे ऑर्डर, मग वेबसाइट, सगळीच रांग तुंबायची. कोड सात टीमांचा, भाषा तीन, प्रत्येकाकडे जाऊन टाइमआउट टाका म्हणणं शक्यच नव्हतं म्हणून इस्टिओ (कुबरनेटिसवरच्या सर्व्हिसेसमधले कॉल कोडला हात न लावता सांभाळणारं सर्व्हिस मेश) घेतलं, आणि त्या एका कामासाठी मला ते मनापासून आवडलंय. व्हर्च्युअल सर्व्हिसच्या (कॉल कुठे आणि कसा जाईल ते सांगणारी इस्टिओची सेटिंग) यॅमलमध्ये रूटखाली टाइमआउट 3 सेकंद, एवढीच एक ओळ. तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर एन्व्हॉय (इस्टिओ प्रत्येक सर्व्हिसशेजारी बसवतं तो प्रॉक्सी, यालाच साइडकार म्हणतात) स्वतःच 504, म्हणजे वेळ संपल्याची एरर, देतो आणि अॅक्सेस लॉगमध्ये यूटी (अपस्ट्रीम रिक्वेस्ट टाइमआउट) असा फ्लॅग दिसतो, म्हणजे कुठे तुटलं ते लगेच कळतं.

लक्षात ठेवा, इस्टिओत हा टाइमआउट मुळात बंदच असतो, नुसतं बसवलं म्हणून काही मिळत नाही.

आता खरी गोष्ट. यॅमल बरोबर, बिलिंगला येणारे बाकी सगळे कॉल तीन सेकंदांत तुटतायत, पण रिपोर्टिंगवाली जुनी सर्व्हिस तशीच मिनिटभर लटकलेली. अर्धा दिवस आम्ही बिलिंगच्याच पॉडमध्ये (सर्व्हिसचे कंटेनर ज्यात चालतात तो गट) शोधत बसलो. हा टाइमआउट कॉल घेणाऱ्याकडे नाही, कॉल करणाऱ्याच्या साइडकारमध्ये मोजला जातो, आणि रिपोर्टिंगच्या नेमस्पेसला (क्लस्टरमधला त्यांचा कप्पा) इंजेक्शनचं, म्हणजे साइडकार बसवायला सांगणारं, लेबलच नव्हतं! लेबल लावलं तरी चालू पॉडमध्ये साइडकार आपोआप येत नाही, रोलआउट रिस्टार्ट करावाच लागतो, म्हणजे पॉड नव्याने उभे करावे लागतात.

दुसरं म्हणजे अॅपमधला टाइमआउट वेगळा आणि मेशचा वेगळा, दोघांना एकमेकांचं काही माहीत नसतं, जो आधी संपेल तो जिंकतो. इस्टिओच्याच बुकइन्फो डेमोत टाइमआउट अर्ध्या सेकंदाचा लावतात आणि पान मात्र एका सेकंदाने एरर देतं, कारण पान दाखवणाऱ्या प्रॉडक्टपेज सर्व्हिसच्या कोडमध्ये एक रिट्राय (पुन्हा प्रयत्न) आधीच लिहिलेला आहे. तेव्हा कोडमधले रिट्राय आधी शोधा, मग आकडा ठरवा. आणि पैशांचे कॉल असतील तर 504 आला म्हणजे पलीकडे काम झालंच नाही असं अजिबात धरू नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. नवीन टीम आली की मी आधी पॉड्सच्या यादीत 2/2 (अॅप आणि साइडकार, दोन्ही कंटेनर तयार) दिसतंय का ते बघायला लावतो, यॅमल त्यानंतर.