'लाइफटाइम' ऑटोमेशन घेतलं आणि कंपनीचा नंबर दुसऱ्याच्या हातात गेला

आम्ही दुरुस्त केलेल्या प्रत्येक पंपावर एक स्टिकर असतं आणि त्यावर आमचा मोबाइल नंबर. पादरा, डभोई, सावली, जिथे जिथे मेकॅनिक गेले तिथे तो नंबर चिकटलेला आहे. गेल्या मे महिन्यात, ऐन सीझनला, तेवीस दिवस त्या नंबरचं व्हॉट्सअॅप आमच्या ताब्यात नव्हतं. असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचं पंपदुरुस्तीचं काम आहे. ऑफिसात सहा जण, बाहेर चार मेकॅनिक. इंडियामार्ट या व्यापाराच्या साइटवरची चौकशी शीटमध्ये चढवायची, ग्राहकाला व्हॉट्सअॅप करायचं, मेकॅनिकला काम लावायचं, ऑफिसच्या ग्रुपवर कळवायचं आणि फॉलोअपची तारीख टाकायची, हे सगळं हाताने चालायचं. रोज दोन-तीन चौकश्या सुटायच्या. म्हणून ही कामं आपोआप होतील अशा ऑटोमेशनचा विचार केला.

दांडिया बाजारातल्या एका ओळखीतून ऑटोमेशन बसवून देणारा एक माणूस आला. घरी बसून चहा घेतला, 'वहिनी, आपल्याच माणसांचं काम आहे' असं मराठीत म्हणाला. गुजरातीत बोलला असता तर मी चार प्रश्न जास्त विचारले असते, हे मला आज स्पष्ट दिसतं.

त्याने मांडलेला हिशोब खरा होता, म्हणून तर माझा विश्वास बसला. झेपियर ही ऑटोमेशनची ऑनलाइन सेवा प्रत्येक कृतीचा एक टास्क मोजते आणि त्या मोजणीवर पैसे ठरतात. आमच्या रोजच्या चाळीस चौकश्या, प्रत्येकीच्या पाच कृती, म्हणजे महिन्याला सहा हजार टास्क. मेक या तशाच दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरही बहुतेक पायऱ्या वेगळ्या मोजल्या जातात. 'आमच्या स्वतःच्या प्लॅटफॉर्मवर मोजणीच नाही, एकदाच पैसे, लाइफटाइम,' असं तो म्हणाला. ८५,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटीचे १५,३०० असे पैसे दिले. डेमो त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्याच नमुन्याच्या यादीवर पाहिला. आपल्या दहा खऱ्या चौकश्या घालून बघू या, एवढंही मी म्हटलं नाही.

मग त्याने सांगितलं, व्हॉट्सअॅप एपीआयला, म्हणजे सॉफ्टवेअरमधून आपोआप मेसेज पाठवायच्या सोयीला, जोडायचं तर फोनमधलं बिझनेस अॅपचं खातं आधी डिलीट करावं लागेल. केलं. बॅकअप असेलच असं धरून चालले होते. नऊ वर्षांच्या चॅट गेल्या. कुठल्या ग्राहकाच्या पंपाला कुठलं सील बसवलं, हे त्यात होतं. आणि नंबर नोंदवला तो त्याच्या कंपनीच्या खात्यात. सहा आकडी पिन त्याने ठेवला. मला त्या पिनचं महत्त्वच माहीत नव्हतं.

सहा महिने सगळं बरं चाललं. पहिली शंका आमच्या सीएंना आली. विकणाऱ्यांनी जीएसटीत दाखवलेली बिलं ज्यात येतात, त्या आमच्या २बी स्टेटमेंटमध्ये त्याचं बिल येतच नव्हतं. जीएसटी पोर्टलवर त्याचा क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हे दोन मिनिटांचं काम पैसे देण्याआधी करता आलं असतं.

मे महिन्यात एका सकाळी सगळं बंद पडलं. 'सर्व्हर बदलतोय, ४८,००० लागतील,' असा निरोप आला. माझा भाचा कॉम्प्युटर शिकतो. त्याने सेटिंग्ज चाळल्या आणि ओळखलं की हे एन८एन नावाचं तयार ऑटोमेशन सॉफ्टवेअर आहे, वर फक्त नाव आणि रंग बदललेले. ते स्वतःच्या सर्व्हरवर, स्वतःच्या धंद्यासाठी फुकट चालवता येतं. असं नाव बदलून विकायला मात्र एन८एनचा परवाना मुभा देत नाही. आम्ही ज्याचे लाख रुपये भरले त्याला आम्हाला फक्त सर्व्हरचं भाडं आणि कुणाची तरी मेहनत एवढंच लागणार होतं. मेहनतीचे पैसे मी आनंदाने दिले असते.

सर्व्हर त्याच्या नावावर, त्यामुळे वर्कफ्लोच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्यांच्या, फायली मिळाल्या नाहीत. भाच्याने नव्याने बांधले, आठवड्यात झाले. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात पाहिलं तर त्याच्या अॅपला आमचे सगळे मेल वाचायची आणि खोडायची परवानगी अजून चालूच होती. ती आधी काढली, पासवर्ड बदलले. ज्यांनी असं काही जोडून घेतलंय त्यांनी आजच तो विभाग उघडून बघावा.

नंबर मात्र अडकला. त्याने त्याच्या बाजूने पिनची अट काढल्याशिवाय तो आमच्या खात्यात येईना. वकिलांनी करार मागितला. माझ्याकडे एक पानी कोटेशन, त्यावर 'लाइफटाइम' एवढाच शब्द. कुणाच्या लाइफचा, ते लिहिलेलं नव्हतं. रोज फोन केले, त्याच्या ऑफिसात जाऊन बसले, शेवटी १५,००० देऊन नंबर सोडवला. दिले याचा राग अजून आहे, पण पाण्यावाचून खोळंबलेले शेतकरी दुसरीकडे जात होते.

आता सर्व्हरचं बिल फर्मच्या कार्डावर येतं. एन८एनची एन्क्रिप्शन की, जिच्याशिवाय साठवलेली लॉगिन उघडत नाहीत, कागदावर लिहून तिजोरीत आहे. व्हॉट्सअॅपचा पिन आमचा. दर शनिवारी भाचा वर्कफ्लोची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतो. त्या माणसाचं कोटेशन मी जपून ठेवलंय. बडोद्यात कुणाला तसाच कागद मिळाला असेल तर पैसे द्यायच्या आधी मला दाखवा, मी दोन्ही शेजारी ठेवून बघेन.