राटेन की झायफेन? ड्रेस्डेनहून एक मोकळा दिवस असेल तर

ड्रेस्डेनला किंवा केम्निट्झला शिकणाऱ्या मुलामुलींकडे आईबाबा आले की एक रविवार डोंगरातल्या एखाद्या गावासाठी राखून ठेवलेला असतो. मग दोन नावं पुढे येतात, राटेन आणि झायफेन. दोन्ही जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातली, हवापालटाची गावं. एक खडकांचं, दुसरं लाकडाचं.

माझं मत आधीच सांगते. एकच दिवस हातात असेल तर राटेन. झायफेनला तसं एका दिवसात जाऊन येता येतं, पण मग दुकानं तेवढी बघून होतात, आणि त्या गावाची गंमत दुकानांत नाहीच.

राटेनला पोचणं सोपं. ड्रेस्डेनहून एस-बान, म्हणजे लोकल गाडी, थेट जाते. स्टेशन एल्बे नदीच्या एका काठाला, गावाचा मुख्य भाग दुसऱ्या काठाला, मध्ये फेरीबोट. या फेरीला इंजिन लागत नाही. ती लांब दोरखंडाला बांधलेली आहे आणि नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. माझ्या बाबांनी सगळ्यात जास्त फोटो याच फेरीचे काढले, गावावरच्या बास्टाय कड्यांमधल्या पुलाचे नव्हेत! खरं तर पूलही भारीच: वालुकाश्माच्या सुळक्यांमध्ये 1851 साली बांधलेला, 76 मीटरांहून थोडा लांब, आणि खाली 194 मीटरांवर एल्बे. गावात जेमतेम साडेतीनशे लोक राहतात, पण कड्यांच्या कुशीत 1936 पासून खुलं नाट्यगृह आहे.

अडचण एकच, गुडघे. गावातून पुलापर्यंत पायऱ्या, पायऱ्या आणि पुन्हा पायऱ्या. आईला जमणार नसेल तर जवळच्या पिर्ना शहराहून बसने थेट वर जा आणि चढायचं ते तुम्ही एकटेच चढा. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ असतो, तेव्हा तर बसच बरी.

झायफेन चेक सीमेजवळ, एर्त्सगेबिर्ग डोंगरात. रेल्वे गावापर्यंत जात नाही. ओल्बर्नहाउला उतरून बस घ्यायची, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. इथे पूर्वी कथिलाच्या खाणी होत्या. त्या आटल्या तसे खाणकामगार लाकूड कातायला लागले आणि गाव खेळण्यांचं झालं. 1779 च्या अष्टकोनी चर्चची प्रतिकृती इतक्या खेळण्यांत दिसते की खरं चर्च समोर आल्यावर तेच मोठं केलेलं खेळणं वाटतं.

पण जायचं ते लाकडाचं गोल कडं लेथवर कातताना बघायला. ओल्या स्प्रूसच्या ओंडक्याची चकती फिरवत ठेवून कारागीर तिच्यात खाचा पाडत जातो. बाहेरून बघणाऱ्याला नुसतं ओबडधोबड कडं दिसतं. मग तो सुरी ठेवून ठोकतो, फोड निघते, आणि कापलेल्या बाजूला गाय! त्याच कड्यातून पुढे गायींचा कळपच निघतो. आकार आतून कसा उतरतोय हे कातताना त्यालाही दिसत नसतं, सगळा अंदाज हाताचा. गावच्या खुल्या संग्रहालयात याची प्रात्यक्षिकं होतात. वेळा विचारूनच निघा, ते चुकलं तर जाणं वाया.

डिसेंबरात झायफेनच्या खिडक्याखिडक्यांत दिव्यांच्या कमानी लागतात. दृश्य सुंदर, गर्दी मात्र अशी की बाबा हरवतील. तेव्हा आठवड्यातला मधला वार बघा आणि रात्री मुक्काम करा.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच. बटाट्याच्या सूपमध्ये बहुतेक वेळा सॉसेज असतं, विचारून घ्या. अंडं चालत असेल तर क्वार्ककॉयल्शन मागवा. बटाटा आणि चक्क्यासारख्या क्वार्कच्या या गोड टिक्क्या आईला नक्की आवडतील.

आणि भाचीसाठी फक्त लाकडी बाहुली हवी असेल, तर त्यासाठी एवढा प्रवास करू नका. एर्त्सगेबिर्गची खेळणी डिसेंबरात ड्रेस्डेनच्या नाताळ बाजारातही मिळतात.