मुलांना घेऊन कोकणात: पूलवाला बंगला की वाडीतल्या दोन खोल्या?

कोकणात मुलांना घेऊन जाताना मी हल्ली राहायची जागा दुपारवरून ठरवतो. सकाळी आणि संध्याकाळी मुलांना समुद्र पुरतो, घर कसं का असेना. पण एप्रिल-मेमध्ये दहा वाजले की वाळू तापायला लागते आणि मग साडेचारपर्यंत मुलं घरात असतात. सहल बरी जाणार की सगळे एकमेकांवर वैतागून परतणार, ते या सहा-साडेसहा तासांत ठरतं.

आम्ही सहा जण. आम्ही दोघं, आई-बाबा, सात वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी. राहायला पुण्यात. सलग दोन उन्हाळ्यांत आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिले. आधी अलिबागजवळ नागावला स्विमिंग पूल असलेला अख्खा बंगला भाड्याने घेतला. पुढच्या मे महिन्यात दापोली तालुक्यातल्या मुरुडला, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या मुरुडला (जंजिऱ्याच्या नव्हे), नारळी-पोफळीच्या वाडीतल्या दोन घरगुती खोल्या घेतल्या. फोटो, तारांकनं आणि वायफाय आहे का नाही हे तुम्ही बघालच, त्यात मी शिरत नाही.

बंगल्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते आधी सांगतो. अलिबाग जवळ आहे. पुण्याहून आम्ही चार तासांच्या आत पोचलो, वाटेत एकदाच थांबलो. मुंबईकरांना तर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवली की तासाभरात मांडवा येतं, आणि मुलांना तो तास हीच निम्मी सहल वाटते. दापोलीचं तसं नाही. ताम्हिणीतून उतरून माणगाव, महाड करत जाताना थोरल्याला दोनदा उलटी झाली आणि पोचायला सहा तास लागले. गाडी लागणारं मूल असेल तर हे दोन तास फार मोठे असतात.

दुसरं म्हणजे स्वयंपाकघर. धाकटी पहाटे साडेपाचला उठून दूध मागते. बंगल्यात फ्रिज होता, गॅस होता, आईने तिथल्या तिथे मऊभातही लावला. मुलं रात्री रडली, भांडली, धावली तरी शेजारच्या खोलीतले लोक काय म्हणतील याची धास्ती नाही. मुलं आठला झोपल्यावर आम्ही मोठ्यांनी हॉलमध्ये दिवे लावून गप्पा मारल्या. एका खोलीत सगळ्यांना कोंबून राहिलेल्या माणसालाच या हॉलची किंमत कळेल. जेवण बंगल्याच्या केअरटेकरच्या बायकोने करून दिलं, तेही आम्ही सांगू त्या वेळेला. परतताना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळाल्या, आई त्यावरच खूश होती.

आणि तरीही.

बंगल्याच्या हॉलला एक मोठं काचेचं सरकतं दार होतं आणि त्या दारापासून चार पावलांवर पूल. फोटोत हेच सगळ्यात छान दिसत होतं, आम्ही बंगला घेतला तो त्यासाठीच. पाणी चार फूट. धाकटीची उंची तेव्हा सव्वातीन फूट. पूलभोवती कुंपण नाही, फाटक नाही, आणि दाराची कडी खालच्या बाजूला, तिच्या हाताला येईल अशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून सगळे आडवे झालो. धाकटी माझ्या बायकोच्या कुशीत झोपली होती. अडीचच्या सुमाराला मला दार सरकल्याचा आवाज आला. एसीच्या घरघरीत तो अगदी बारीक होता, आणि मी जागा होतो म्हणूनच आला. बाहेर गेलो तर धाकटी पूलच्या काठावर बसली होती. पाय पाण्यात, हातात न्हाणीघरातला निळा मग. मग भरायचा आणि शेजारच्या कुंडीत ओतायचा असं चाललं होतं. ती माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा मग भरायला वाकली.

झालं काहीच नाही. मी तिला उचललं, आत आणलं, सोफा ओढून दाराला लावला. पण त्यानंतरची दीड दिवसाची सुट्टी सुट्टी राहिली नाही. आम्ही चौघा मोठ्यांनी पाळ्या लावल्या. जेवताना एक जण दाराकडे तोंड करून बसायचा. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं की आई विचारायची, "अहो, लक्ष आहे ना?" थोरल्याला पोहायला येतं, त्याला सारखं पाण्यात जायचं असायचं, तो गेला की धाकटीला जायचं असायचं, आणि बारा-एकच्या उन्हात पूलभोवतीच्या फरशा इतक्या तापायच्या की अनवाणी पाय टेकवत नव्हता. म्हणजे ज्या वेळेसाठी पूल हवा, त्याच वेळी तो वापरता येत नव्हता आणि त्याच वेळी त्याच्यावर पहाराही द्यावा लागत होता.

लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. आवाज न होता खाली जातं. हे मी वाचलेलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा त्याचा अर्थ अंगावर आला. घरच्या पूलला चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक असावं, हा सुरक्षेचा साधा नियम आहे. भाड्याच्या बंगल्यात तो पाळलेला असेल असं गृहीत धरू नका. आम्ही धरलं होतं.

आता मुरुड. वाडीतल्या दुपारी मी पहिल्या दिवशी सवयीने मुलांच्या मागे-मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी पडवीतल्या झोपाळ्यावर बसलो तो तासभर उठलो नाही. पोफळींची सावली इतकी दाट असते की दुपारी एक वाजताही खालची माती गार लागते. वाडीला शिंपणं चालू होतं, पाटातून घोट्याइतकं पाणी वाहत होतं. थोरल्याने दगड लावून त्यात धरण बांधलं, धाकटीने ते मोडलं, त्याने पुन्हा बांधलं. मग घरमालक काका एक गळून पडलेली पोफळीची विरी घेऊन आले. झावळीच्या बुडाशी ते रुंद, चामड्यासारखं आवरण असतं ना, तेच. धाकटीला तिच्यात बसवलं, थोरल्याच्या हातात झावळीचा शेंडा दिला आणि म्हणाले, "घट्ट धर गो, पडशील हां!" त्या विरीच्या गाडीने वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. विरी फाटली की काका दुसरी आणून द्यायचे. चार वाजता काकूंनी कोकम सरबतासाठी हाक मारली तेव्हा दुपार संपल्याचं कळलं.

वाडीतही पाणी असतं हे मात्र विसरू नका. बहुतेक वाड्यांत विहीर असते, आणि जुन्या विहिरींचा कठडा कधी कधी गुडघ्याइतकाच असतो. आमच्या इथे कठडा माझ्या कमरेइतका होता आणि वर लोखंडी जाळी होती. मी पोचल्या-पोचल्या आधी तेच बघितलं. फरक एवढाच, की जाळी घातलेली, घरापासून लांब असलेली विहीर मुलाला दिवसभर बोलावत नाही. निळ्या फरशीचा पूल बोलावतो.

वाडीतल्या घराच्या अडचणीही सांगायला हव्यात. जेवणाच्या वेळा घराच्या असतात: नाश्ता साडेआठ-नऊला, दुपारचं जेवण एकला, रात्रीचं साडेआठला. आमची धाकटी साडेबाराला भुकेने रडायला लागते. पहिल्या दिवशी त्रास झाला. मग काकूंना सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्या बारालाच तिच्यापुरता वरण-भात आणि तूप ठेवायला लागल्या. पण हे त्या घराच्या स्वभावावर आहे, सगळीकडे होईलच असं नाही. खोलीला फ्रिज नव्हता. पहाटेचं दूध मागायला काकूंना उठवायचं जिवावर यायचं, म्हणून आम्ही दुधाची पावडर आणि थर्मास जवळ ठेवला. संध्याकाळी डास असतात, वीज अधूनमधून जाते, आणि मुरुडच्या बऱ्याच घरांत जेवण पूर्ण शाकाहारी असतं. मासे हवे असतील तर बाहेर जावं लागतं किंवा तसं घर आधीच शोधावं लागतं. आम्हाला आंबोळी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं आणि दोन वेळा उकडीचे मोदक मिळाले, आमची तक्रार नव्हती.

रात्री मुलं झोपल्यावर मोठ्यांनी कुठे बसायचं, हा खोल्यांमधला खरा प्रश्न. त्याचं उत्तर पडवी आहे. खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि बाहेर बसायचं, मूल कुशीवर वळलं तरी ऐकू येतं. म्हणून खोली घेताना ती पडवीला लागून आहे की मागच्या बाजूच्या नव्या सिमेंटच्या इमारतीत आहे, ते फोनवर नक्की विचारा. नव्या खोल्यांना एसी आणि चकचकीत न्हाणीघर असतं, पण बाहेर बसायला जागा नसते. लहान मुलं असतील तर मी जुन्या घरातली खोली घेईन, पंखा असला तरी.

पैशांचं म्हणाल तर बंगल्याच्या शनिवारच्या एका रात्रीत मुरुडच्या दोन खोल्यांच्या जवळजवळ तीन रात्री झाल्या, जेवण वेगळं. पण आम्ही सहाच जण होतो. बंगल्याचं भाडं अख्ख्या घराचं असतं, खोलीवर जेवणाचे पैसे माणशी. तीन कुटुंबं मिळून गेलात तर हे गणित उलटं फिरेल.

तारीख ठरवण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, ती दोन्हीकडे लागू आहे आणि मला मुरुडच्या काकांनी शिकवली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा-बाराच्या आसपास. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे गणित मुलांच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर भर दुपारी भरती येऊन जाते आणि पाच-सहाला ओहोटीची रुंद, घट्ट वाळू क्रिकेटला मोकळी मिळते. अष्टमीच्या आसपास गेलात तर ओहोटी ऐन बाराला, उन्हात, आणि संध्याकाळी भरतीचं पाणी वर आलेलं. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर चतुर्थीचा सुमार बरा, सकाळी नऊच्या आसपास ओहोटी मिळते आणि ऊन चढायच्या आत परत येता येतं. निघताना पाणी चढायला लागलंय का, ते किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचंच. आम्ही नागावला हे न बघता गेलो, आणि थोरल्याने किल्ला किनाऱ्यावरूनच बघितला.

मुरुडला दुपार सोडून उरलेला वेळ भरायला कष्ट पडत नाहीत. संध्याकाळी हर्णैच्या बंदरातला माशांचा लिलाव, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, एका सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. शाळेच्या वेळापत्रकात बसत असेल तर मार्च-एप्रिलमध्ये आंजर्ल्याला किंवा वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात. वेळासला तर राहायची सोयही गावकऱ्यांच्या घरांतच आहे.

बंगला कोणाला योग्य, तर माझ्या मते ज्यांची मुलं दहाच्या पुढची आहेत आणि नीट पोहतात त्यांना. किंवा ज्यांच्याकडे अगदी तान्हं बाळ आहे आणि चोवीस तास गरम पाणी, गॅस, फ्रिज लागणारच आहे त्यांना. आजी-आजोबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर कमोड आणि खालच्या मजल्यावरची झोपायची खोली बंगल्यात सहज मिळते, घरगुती खोलीत विचारून घ्यावी लागते. दोन ते आठ वयाचं, पायाला भिंगरी लावलेलं मूल असेल, तर मात्र मला वाडी सोडून दुसरीकडे जावंसं वाटत नाही. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल. आमची धाकटी आहेच तशी, पाणी दिसलं की निघते.

बंगलाच घ्यायचा ठरलं तर मालकाला दोन फोटो मागा: पूलचा घराकडून काढलेला, आणि पूलकडे उघडणाऱ्या दाराच्या कडीचा. जाहिरातीतले फोटो पूलकडून घराकडे काढलेले असतात, त्यात दार आणि पाणी यांतलं अंतर कळत नाही. येत्या डिसेंबरात आम्ही तीन मित्रांची कुटुंबं मिळून अलिबागकडे जातोय. हे दोन फोटो मी चार जणांकडे मागितले. दोघांनी पाठवलेच नाहीत. एकाच्या पूलला छातीइतक्या उंचीची जाळी आणि वर खिटी असलेलं फाटक आहे, तो घेतलाय. मे महिन्यासाठी मुरुडच्या पडवीलगतच्या दोन खोल्या काकूंना आत्ताच सांगून ठेवल्या आहेत, पौर्णिमा धरून.