बीपीचे आकडे डॉक्टरांपर्यंत: वहीतून की 'आभा'तून?

घरचं बीपी मशीन ब्लूटूथने आकडे मोबाईलवर चढवतं, पण डिचोलीहून बांबोळीला तपासणीला जाताना हातात अजून वहीच असते. त्यात वावगं काही नाही. डॉक्टर एका नजरेत पंधरवडा चाळतात. "सकाळी १५०/९५, काल गोळी राहिली" ही नोंद कुठलं अ‍ॅप आपणहून करणार? व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्क्रीनशॉट मात्र कुचकामी. ते केसपेपरवर चढत नाहीत, पुढच्या डॉक्टरला दिसत नाहीत.

दुसरा मार्ग 'आभा'चा, म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट या सरकारी योजनेतल्या तुमच्या १४ आकडी आरोग्य-ओळख क्रमांकाचा. त्या व्यवस्थेत अशा घरगुती मोजमापांसाठी 'वेलनेस रेकॉर्ड' हा वेगळा प्रकारच आहे. एफएचआयआर या ठरावीक साच्यामुळे एका सॉफ्टवेअरमधली नोंद दुसऱ्याला वाचता येते. नोंदी जिथल्या तिथेच राहतात; कोणाला, किती काळ दाखवायच्या ते तुम्ही ठरवायचं, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. मेख एकच: तुमचं अ‍ॅप आणि दवाखान्याचं सॉफ्टवेअर, दोन्ही आभाशी जोडलेली हवीत. काउंटरवर आधी तेच विचारा.

दोन-तीन डॉक्टरांकडे उपचार चालू असतील तर आभा जोडून घ्याच. एकच फॅमिली डॉक्टर असेल तर वही पुरे. फक्त मशीन अधूनमधून दवाखान्यातल्या मशीनशी पडताळून घ्या.