थायलंड की मलेशिया? व्हिसा लागत नाही, पण नावाचा रकाना पाहून ठरवा

सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरून झाला, की लातूर-नांदेडकडे आठवडाभराच्या परदेशवारीच्या गोष्टी निघतात. व्हिसाची कटकट नको म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात, थायलंड आणि मलेशिया. मलेशियाने भारतीय पर्यटकांना 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांसाठी व्हिसा माफ केला आणि पुढे ही सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली. थायलंडने 10 नोव्हेंबर 2023 ला 30 दिवसांनी सुरुवात केली आणि 15 जुलै 2024 पासून 60 दिवस दिले.

या 60 आणि 30 च्या फरकावर घरात फार वेळ घालवू नका. सहा रात्रींच्या सहलीला दोन्ही पुरून उरतात. हे आकडे बदलत आले आहेत, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाचं पान पुन्हा उघडून बघा. जास्त राहायचंच असेल तर थायलंडमध्ये इमिग्रेशन कार्यालयात 1,900 थाई बात भरून मुक्काम वाढवून मागता येतो. शिक्क्यावरची तारीख उलटली तर मात्र दिवसाला 500 बात दंड लागतो, म्हणून काउंटर सोडण्याआधीच शिक्का वाचा.

खरा फरक आहे तो डिजिटल अरायव्हल कार्डात, म्हणजे तिथे उतरण्याआधी ऑनलाइन भरायच्या फॉर्मात. मलेशियाचं एमडॅक आणि थायलंडचं टीडॅक (हे 1 मे 2025 पासून सक्तीचं झालं), दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात. तान्ह्या बाळाचंही कार्ड वेगळं लागतं. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. थायलंडचा खरा पत्ता ‘गो डॉट टीएच’ने संपतो, मलेशियाचा ‘जीओव्ही डॉट एमवाय’ने.

आता ज्या एका गोष्टीवर माझं मत ठरलं ती सांगतो. एमडॅकमध्ये नावाचा रकाना एकच आहे. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव लिहिलं की संपलं. टीडॅक मात्र आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन रकाने पुढे ठेवतं, आणि आपली माणसं नेमकी तिथे अडतात. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाचा रकानाच नाही. आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेक वेळा ‘गिव्हन नेम’मध्येच एकत्र छापलेलं असतं. समजा तिथे ‘विठ्ठल ज्ञानोबा’ आहे. एक जण ‘ज्ञानोबा’ मधल्या रकान्यात टाकतो, दुसरा गाळतोच, तिसरा तेच आडनावात लिहितो. विमानाच्या तिकिटावर दोन्ही नावं जोडून आलेली असतात ती निराळीच. एकाच घरातल्या पाच कार्डांवर पाच तऱ्हा होतात.

चूक कळल्यावरही सुटका सहज होत नाही. टीडॅकमध्ये विमान, हॉटेल वगैरे नंतर बदलता येतं, पण नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व बदलता येत नाही. त्यासाठी कार्ड पहिल्यापासून भरावं लागतं. पासपोर्टवर आडनावच नसलेल्या आजी-आजोबांचं कार्ड भरताना तर घरातली शिकलेली पोरंही गोंधळतात. माझ्या मते ‘गिव्हन नेम’मध्ये जे छापलंय ते सगळं पहिल्या नावात टाकावं आणि मधला रकाना मोकळा सोडावा. टीडॅकमध्ये पासपोर्टच्या तळच्या दोन ओळींचा फोटो देऊन माहिती आपोआप भरण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. मात्र भरून आलेलं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा.

थायलंडच्या बाजूनेही बोललं पाहिजे. टीडॅकमध्ये एकाच वेळी कुटुंबातल्या अनेकांची नोंद होते, आणि शेवटच्या क्षणी हॉटेल बदललं तर तेवढाच तपशील सुधारता येतो. एमडॅकमध्ये चूक झाली की पूर्ण फॉर्म नव्याने भरायचा. पण भरायला सोपा असल्याने ती वेळ कमी येते, असं माझं मत आहे.

तारखेची चूक दोन्हीकडे होते. मुंबई किंवा हैदराबादहून रात्री निघालेलं विमान तिकडे दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतं. कार्डावर उतरण्याची तारीख लागते, निघण्याची नव्हे. बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, क्वालालंपूरचं अडीच तास. कार्डं रेल्वेत बसून भरू नका, घरूनच भरून निघा आणि कागदावर छापून घ्या.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यातल्या घरांनी आधी तपासावी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर पुष्कळदा ईसीआरची, म्हणजे काही ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते अशी, नोंद असते. ईसीआरच्या यादीत 18 देश आहेत आणि त्यांत थायलंड, मलेशिया दोन्ही येतात. पर्यटनाला बंदी नाही, पण व्हिसाच नसल्याने आपल्याच विमानतळावरचा अधिकारी ‘कामाला तर चालला नाही ना’ हे परतीच्या तिकिटावरून आणि हॉटेलच्या बुकिंगवरून पाहतो. दोन्हींची छापील प्रत त्या माणसाच्या स्वतःच्या हातात असू द्या, मुलाच्या मोबाईलमध्ये नको. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि आयकर भरणाऱ्यांना ही नोंद काढून घेता येते. त्यासाठी पासपोर्ट री-इश्यूचा अर्ज करावा लागतो, तो सहलीच्या बराच आधी करा.

पैशांचं म्हणाल तर थायलंडमध्ये माणशी 20,000 बात किंवा तेवढ्या किमतीचं परकीय चलन दाखवायला सांगू शकतात. सगळ्यांना विचारतात असं नाही, पण विचारलं तर हातात असावं. मलेशियात हॉटेलवाला परदेशी पाहुण्याकडून खोलीमागे रोज 10 रिंगिट पर्यटन कर घेतो. बुकिंगचे पैसे आधीच भरलेले असले तरी तो बऱ्याचदा काउंटरवर वेगळा द्यावा लागतो.

दोघंच तरुण असाल, फुकेत-क्राबीचे किनारे मनात असतील आणि फॉर्म स्वतः नीट भरता येत असेल, तर थायलंड खुशाल निवडा. नोव्हेंबर-डिसेंबरात तो किनारा कोरडा होत जातो, तर मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा पावसाळा चालू असतो. आई-वडील, काकू, लेकरं असा सात-आठ जणांचा गोतावळा असेल आणि पासपोर्टांवर नावांच्या तऱ्हा असतील, तर मी मलेशियाच सुचवेन, तेही पश्चिमेकडच्या लांगकावी बेटाच्या बाजूला. सबा किंवा सारावाकला जाणार असाल तर क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानातही पासपोर्ट जवळ ठेवा. त्या दोन राज्यांची इमिग्रेशन तपासणी वेगळी होते.